पोट दुखतंय म्हणते

"वय झालं की व्हायचंच," असं कुणी म्हाताऱ्या माणसाबद्दल म्हणालं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ज्याला तपासायचा कंटाळा, त्याच्या तोंडी हे वाक्य हमखास सापडतं. आमच्या अव्वाची अडीच वर्षं त्या वाक्यानं खाल्ली. एकट्या त्यानंच खाल्ली असं मात्र नाही.

अव्वा म्हणजे माझी आई. आम्ही मूळचे मैंदर्गीचे, घरात कानडी. बहात्तरच्या दुष्काळात, साठीला टेकलेली असताना तिनं रस्त्याच्या कामावर खडीच्या पाट्या उचलल्या. मी सोलापुरात मास्तर होतो; दुष्काळ सरल्यावर तिला घेऊन आलो. वर्षभरात ती चुलीपुढे बसेनाशी झाली. जुन्या लुगड्याच्या घड्या धुऊन कुठंतरी आडोशाला वाळत घालायची. बायकोच्या ते लक्षात आलं, पण बायको करकंबची, तिला कानडीचा गंध नाही, आणि अव्वाला मराठी बोलता येत नव्हतं. म्हणून दवाखान्यात मीच घेऊन गेलो.

डॉक्टरच्या टेबलाभोवती वीस-पंचवीस माणसं. पडदा नाही की आडोसा नाही. तरणा डॉक्टर अव्वाकडे न बघता मला म्हणाला, "आजींना काय होतंय?" मी तिला कानडीत विचारलं. तिनं पदर तोंडाशी धरून हळूच सांगितलं, उठलं-बसलं की अंग बाहेर येतं, चालवत नाही. "हेळप्पा," म्हणाली. सांग बाबा.

मला दरदरून घाम फुटला. आईच्या त्या दुखण्याबद्दल मुलानं परक्या पुरुषांत बोलायचं? शाळेत मी शरीरशास्त्र शिकवायचो आणि ते एक प्रकरण "घरी वाचा" म्हणून दरवर्षी सोडून द्यायचो. इथंही तेच केलं.

"पोट दुखतंय म्हणते," मी म्हणालो.

"वय झालं की व्हायचंच." केसपेपरवर दोन ओळी खरडल्या, गुलाबी औषध दिलं. हात लावून बघितलं नाही. त्या शहाण्यानं नुसतं विचारलं असतं, पोटात कुठं दुखतं, तरी मी पकडला गेलो असतो! पण म्हातारीचं पोट चाचपतो कोण? अव्वा ते गुलाबी पाणी निमूट पीत राहिली आणि मी दर महिन्याला बाटली भरून आणत राहिलो.

शेवटी ताप चढला, भरती करावं लागलं. वॉर्डातली आया अक्कलकोटकडची. तिनं अव्वाशी कानडीत दोन शब्द बोलून घेतले आणि बाहेर येऊन मला धरलं. "काय ओ मास्तर, पोट कसलं घेऊन बसलाय? अंग बाहीर येतंय की तिचं! लई चिघळलंय. तुमाला म्हाईतच न्हाय व्हय?"

आपलंच नाणं खोटं.

मग बाई डॉक्टर आल्या. त्यांनी मात्र नीट तपासलं. "गर्भाशय खाली उतरलंय. सुरुवातीलाच आणायचं होतं," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन करून हिंडत्याफिरत्या राहिल्या असत्या. आता हृदय थकलंय, भूल सोसणार नाही."

तेव्हा मी भडकलो. तो तरणा डॉक्टर, न लावलेला पडदा, बाहेरच्या तपासणीला बायकांसाठी बाई ठेवत नाहीत तो कारभार, कुणालाच सोडलं नाही. त्यातलं काही खोटंही नव्हतं.

अव्वाच्या खाटेशी येऊन बसलो तरी तोंड चालूच होतं. तिनं माझं मनगट धरलं. कानडीत म्हणाली, "त्याला शिव्या देऊ नको. तू पोट म्हणालास ते मला तेव्हाच कळलं होतं. करकंबची सून घरात असताना एवढंही मराठी कळणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तुला लाज वाटली होती," ती म्हणाली. "एवढ्या माणसांत माझ्या लेकाला मी खोटं पाडू?"