मोज्यांवर बांधलेले घुंगरू

"हिला मोजे घाला."

काकू माझ्याकडं बघून बोलली नाय, माझ्या पायांकडं बघून बोलली. महिला मंडळाची ती अध्यक्ष. हॉल तिनं मिळवलेला, पाहुणे तिनं बोलावलेले. आम्ही पोरी पडद्यामागं गोल करून बसलो होतो. आम्हाला नाच शिकवणाऱ्या दीदीची पद्धत अशी, की नाचाआधी एकीनं दुसरीच्या पायाला अळता, म्हणजे लाल रंग, लावायचा. आपला आपण नाय लावायचा. लाल वाटी फिरत माझ्यापर्यंत आली, आणि शेजारच्या पोरीनं हात मागं घेतला.

"ई, केवढ्या भेगा! ह्यात मी बोट घालू?"

तवा काकू वाकून बघाया आली. म्हणली, "पुढच्या रांगेत मोठे लोक बसणार आहेत. देवळातला नाच आहे हा. मेंढरांमागचे पाय दिसायला नकोत."

आदल्या दिवशी मी टाचा विटेच्या तुकड्यानं घासल्या होत्या. रक्त आलं होतं. भेगा गेल्या नव्हत्या.

आमचा बाप धनगर. लागोपाठ दुष्काळ पडला, चारा संपला, पाणी संपलं, आणि बापानं मेंढरं बाजारात नेऊन विकली. मग आम्ही शहरात आलो. पैठण रोडच्या अंगाला, जिथं माझा आजा मेंढरं बसवायचा, तिथं इमारती उठत होत्या. बाप तिथंच वॉचमन झाला. घर म्हणजे बांधकामावरचं पत्र्याचं खोपटं. टँकर आला की सगळी कॉलनी घागरी घेऊन पळायची. त्याच रांगेत दीदी भेटली.

दीदी बंगालची. नवरा चितेगावला कंपनीत. घागर उचलाया मी खाली बसले, तर ती माझ्या गुडघ्यांकडं बघतच राहिली. मायला म्हणली, "ये लडकी मेरे को दे दो." माय घाबरली ना! मग कळलं, नाच शिकवती.

लई जीव लावून शिकवलं तिनं. एकदा आम्हाला वेरूळला नेलं, दगडातल्या बायांपुढं उभं केलं. म्हणली, बघा, कंबर कुठं मोडली, गुडघा कुठं बसला. तिच्या मुलखातला हा नाच मधी मेला होता म्हणं. मग कुणी कुणी देवळांच्या भिंती धुंडाळल्या, जुनी पुस्तकं काढली. आणि खेड्यात नाचणाऱ्या बाया शोधल्या, ज्यांना बऱ्या घरात उंबऱ्याच्या आत कुणी घेत नव्हतं. त्यांच्या पायांतनं चाल परत मिळाली. अजूनबी मोठे लोक ह्या नाचाला शास्त्रीय नाचांच्या पंगतीत बसू देत नाय, असं ती म्हणायची. मला लई आवडायचं ते. वाटायचं, हा नाच आपल्यातलाच हाय.

म्हणून पडद्यामागं मी धीर केला. म्हणले, "काकू, मोज्यानं पाय सरकतो."

"नाचता येईना, अंगण वाकडं," काकू म्हणली. पोरी हसल्या.

मी दीदीकडं पाहिलं. ती मुलींना मा म्हणायची.

"आज पहन ले, मा. हॉल उनका है."

तिनंच मोजे चढवले. कातडीच्या रंगाचे. त्यावर घुंगरू बांधले. मान वर केली नाय.

मला राग आला नाय. लाज आली. साडीच्या घोळात पाय ओढून घेतले, जसं काय मी ते चोरून आणले होते.

पडद्यापलीकडं काकू माईकवर बोलाया लागली. "खेड्यापाड्यांतल्या मायमाउलींनी हा नाच जपला. त्यांच्या चरणांना आमचं वंदन." टाळ्या. चरणांना वंदन! आणि माझे चरण मोज्यात.

पडदा उघडला. नाचाआधी जमिनीला हात लावायचा असतो. तुझ्यावर पाय आपटणार हाय माय, माफ कर, असं मनात म्हणायचं. मी वाकले. हात लावला. आणि जमिनीची माफी मागाया गेले, तर जमीनच पायाला लागंना.

मी खाली बसले. स्टेजवर, सगळ्यांपुढं. घुंगरांच्या गाठी सोडाया लागले. दीदीनं गाठी घट्ट मारलेल्या. गाणं सीडीवरचं, ते कशाला थांबतंय? पोरी माझ्या आजूबाजूनं नाचाया लागल्या. लोक हसले. "पडली का काय पोरगी?" कुणीतरी म्हणलं. पडद्याआडून काकू खेकसली, "ऊठ! ए, ऊठ म्हणते ना!"

एक मोजा निघाला. मग दुसरा. मी दोन्ही स्टेजच्या पुढच्या कडेला ठेवले, पाहुण्यांच्या नाकासमोर, आणि उठले. अळता नाय, घुंगरू नाय. चांगली नाचले असं म्हणणार नाय. दोनदा चुकले. अभिमान बिभिमान काय वाटला नाय. सगळा हॉल माझ्या टाचा बघतोय, एवढंच वाटत होतं. पण पाय सरकला नाय.

नाच झाल्यावर काकू दीदीला म्हणली, "उद्यापासून ही नको." दीदी गप्प. एवढ्यात हॉलात मागं उभा असलेला बाप पुढं आला, खांद्यावर घोंगडी, मोजे हातात. ते त्यानं काकूपुढं धरले.

"पाय काय कापून ठिवायचे व्हय, बाई?"

आम्ही चालत घरी आलो. दीदीनं परत बोलावलं नाय, मीबी गेले नाय. तिचं ते गप्प राहणं मला काकूच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढं मी कंपनीत लागले. सुट्ट्या साठवून बंगालात गेले, राहिलेलं शिकून आले. आता चितेगावला पत्र्याच्या शेडमधी कामगारांच्या पोरींना शिकवते. अळत्याची पद्धत दीदीचीच ठेवली. फक्त सुरुवात टाचेच्या भेगांपासून करायची.

मागच्या महिन्यात एक बाई गाडीतनं आली, लेकीला घेऊन. म्हणली, "शिकवा तुम्ही, पण ते एकमेकींच्या पायाला लावायचं तेवढं हिला माफ करा. घाण वाटते तिला. आमच्या ओळखी आहेत, क्लासचं नाव होईल तुमच्या."

ऐकता ऐकता माझे पाय आपोआप खुर्चीखाली गेले. एवढ्या वर्षांनी! मला माझीच चीड आली. मी उजवा पाय बाहेर काढला, त्या पोरीपुढं ठेवला, वाटी तिच्याकडं सरकवली.

"लाव."

पोर आईकडं बघाया लागली. आईनं तिचा हात धरला आणि निघाली.

जाईना का. लाज मला अजून येती, मरेस्तोवर येईल. पण जिला दुसरीच्या भेगेला बोट लावता येत नाय, तिला मी ह्या नाचाचं एक पाऊलसुद्धा शिकवणार नाय. मग ती कुणाची का लेक असंना.