गॅफनींचा खांदा

फेलिम गॅफनी यांचं राजकारण निधनवार्तांवर उभं राहिलं. लायट्रिम परगण्यात सकाळी रेडिओवर निधन पावलेल्यांची नावं वाचायला लागले की त्यांची बायको अट्रॅक्टा आवाज वाढवायची आणि ते काळा टाय शोधायचे. कौन्सिलर असताना रस्त्यातला एकही खड्डा त्यांनी बुजवला नाही. मात्र त्या खड्ड्यांतून गेलेल्या बहुतेक शवपेट्यांना खांदा दिला. लोकांनी तेवढ्यावर त्यांना डब्लिनला, संसदेत पाठवलं. तिथं सरकार काठावरच्या बहुमताचं होतं, म्हणून ते रस्तेखात्याचे राज्यमंत्रीही झाले.

मग अंत्यविधी चुकू लागले. ती उणीव जार्लथ मोरन या तरुण कौन्सिलरनं भरून काढली. तो गॅफनींच्याच पक्षाचा, म्हणजे खरा शत्रू.

एका बुधवारी अट्रॅक्टाचा फोन आला. "बी स्कॅनलन गेली. उद्या अकराला चर्चमध्ये."

"अगं, उद्या त्याच वेळी अविश्वास ठराव आहे!"

"असू दे. स्कॅनलन म्हणजे अर्धं गाव. जार्लथ सकाळपासून त्यांच्या घरी चहा-सँडविच फिरवतोय, जावई असल्यासारखा."

पक्षाच्या प्रतोदानं दम भरला, "गॅफनी, एकेक मत मोलाचं आहे. गेलात तर मंत्रिपद विसरा."

"मंत्रिपद तुम्ही देता, साहेब. खासदारकी गावातले लोक देतात," गॅफनी म्हणाले आणि गुरुवारी पहाटेच निघाले.

चर्चमध्ये पोचले तर पेटीचा पुढचा कोपरा जार्लथच्या खांद्यावर.

"जरा सरक रे."

"मागं जागा आहे, मंत्रीसाहेब."

गॅफनींनी मागच्या कोपऱ्याला खांदा लावला. स्मशानाच्या चढावर खिशातला फोन थरथरत राहिला, पण हात मोकळा नव्हता. पेटी खाली ठेवली तेव्हा बातमी सगळ्यांच्या फोनवर येऊन पोचली होती. सरकार एका मतानं पडलं होतं.

बीचा थोरला मुलगा इग्नेशस भारावून जवळ आला. "फेलिम, आईसाठी सरकार घालवलंस! आणि तिनं तर जन्मात तुला मत दिलं नाही."

"माणूस मोठं होतं," गॅफनी म्हणाले. त्यांची नजर इग्नेशसच्या पाच भावंडांवर होती.

आता निवडणूक महिन्यावर आली होती. पाद्र्याची प्रार्थना संपताच गॅफनींनी नातेवाइकांच्या रांगेच्या एका टोकाकडून हस्तांदोलनं सुरू केली, जार्लथनं दुसऱ्या टोकाकडून. मधोमध दोघं समोरासमोर आले. जार्लथनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाला,

"तुमच्या दुःखात मी सहभागी आहे."