बोडीतल्या बटनाचा धागा

सन २०१९ चा उन्हाळा. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण शिलाई मशीन पन्नास वर्षं चालवली. भूत, करणी, अंगात येणं... असं बोलणाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवरूनच हाकललेलं आहे. तरी हे लिहितो आहे. हसायचं त्यानं हसावं.

गाव नागभीडजवळ. भोवती धानाच्या बांध्या आणि त्यांना पाणी देणारी बोडी, म्हणजे लहान तळं. तरुणपणी मी कामठीला छावणीबाहेर एका उस्तादाकडे मिल्ट्रीचे कपडे शिवायला होतो. त्यांच्याकडे गोऱ्या पलटणींची जुनी बटनं डबाभर. त्यांनीच ओळख शिकवली — आधी पाठ बघायची, कडी कशी जोडली ते. मग मुकुट. कमानी मधे दबलेल्या असल्या तर राणीच्या वेळचा, गोल फुगलेल्या असल्या तर नंतरच्या राजाचा. पलटणीचा नुसता आकडा असला तर माल आणखी जुना. म्हणून खोदताना असं काही सापडलं की लोक माझ्याकडेच आणायचे. दुसऱ्या कोणाला येतच नव्हतं.

त्या दुपारी शेजारचा दामोधर आला. कोरड्या बोडीतला गाळ काढत होता. हातात मातीचं ढेकूळ, त्यातून पिवळी कड दिसत होती.

"मास्तर, पाहा बरं. सोन्याचं निंगते का?"

"तुह्या नशिबात पितळच हाये."

ढेकूळ दगडासारखं वाळलेलं. मी स्वतः हातोडीनं फोडलं. बटन निघालं. दबका मुकुट, खाली आकडा. "राणीच्या वेळचं," मी म्हणालो, "सव्वाशे वर्षांच्या अलीकडचं नाई." पाठ बघितली तर कडीत काळा धागा.

सून पाणी घेऊन आली होती. तिनं वाकून पाहिलं.

"मामाजी... हा तं आईचा फास हाये."

आई म्हणजे तिची सासू, माझी वच्छला. चार महिन्यांपूर्वी गेली. दुकानाचं सगळं काजबटन तीच करायची, सुनेलाही तिनंच शिकवलेलं. डावरी होती. धागा तीन वेळा डावीकडून फिरवायची आणि गाठ उलटी मारायची. उस्तादाची रीत तशी नव्हती, म्हणून मी गिऱ्हाइकांसमोर तिची बटनं कापून पुन्हा लावायचो. एकदाच बोलली होती — "आजपावतर माह्या हातचं तुटलं का कोणाचं? तेवढं सांगा." मी सांगितलं नाही.

"येडी झाली का तू?" मी सुनेवर ओरडलो. "एवढ्या जुन्या बटनाले तुह्या सासूनं धागा कधी लावला?"

दामोधर हसला. मग मला आणखी राग चढला. आमच्याकडे पितळ घासायला चिंच आणि राख. उस्तादानं बजावलं होतं, जुनं बटन घासू नको, वरचं सोन्याचं पाणी जातं. तरी मी चिंच मागवली.

"नोका घासू, मामाजी. पहिले नीट पाहून घ्या."

घासलं.

धागा सुटून राखेच्या पाण्यात पडला. उचलला तेव्हा मी नीट पाहिलं. तीन वेढे, डावीकडून. गाठ उलटी. आणि टोक कात्रीनं कापलेलं नव्हतं — दातानं तोडलेलं. माझी कात्री मी तिला कधी घेऊ दिली नव्हती...

चिमटीत असतानाच त्याचा काळा चिखल झाला. बोटाला डाग राहिला, बस.

"मास्तर, मी काई बोललो नाई," दामोधर म्हणाला आणि चप्पल हातात घेऊनच गेला.

आता लोक म्हणतात, पलटणीतला शिंपीही डावरा असेल. असेल. पण सुती धागा एवढी वर्षं ओल्या गाळात टिकत नाही, हे मला कोणी शिकवू नये. सुनेनं केलं म्हणाल तर ढेकूळ माझ्या हातानं फुटलं. कसं झालं, मला ठाऊक नाही. तिचं काम एकदा परत माझ्या हाती आलं होतं आणि मी तेही मोडलं, एवढं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी माझ्या सदऱ्याचं बटन कापलं. सुई-धागा घेऊन चुलीपाशी सुनेसमोर बसलो.

"काय पाहिजे, मामाजी?"

"तुह्या सासूचा फास शिकव मले," मी म्हणालो. "तिच्या हातचं एकबी तुटलं नाई."