चुटकी आणि हाक

सुमनबाईंनी मला लिहायला शिकवलं, म्हणून आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. ऱ्हस्व-दीर्घ शिकवताना त्या आम्हाला शाळेमागच्या माळावर नेत. ऱ्हस्वाला चुटकी वाजवायची आणि दीर्घाला, पलीकडच्या शेतात खुरपणाऱ्या आईला मारतो तशी लांब हाक मारायची. हातातलं खुरपं थांबवून आया ओ देत, आणि बाई हसत म्हणत, "पोहोचली रे, पोहोचली!"

आज भाचीला शाळेत सोडायला गेलो. दुसरीच्या वर्गात सर एका मुलीची पाटी उंच धरून विचारत होते, "काय गं, घरी कुणी शिकलेलं नाही वाटतं?" वर्ग हसला. आई वीटभट्टीवर जाते, एवढंच तिने लिहिलं होतं. त्यात एक वेलांटी चुकली होती. पाटी परत मिळताच तिने फ्रॉकच्या टोकाने सगळंच पुसून टाकलं.

मी दारातूनच म्हणालो, "सर, माझ्याही घरी कुणी शिकलेलं नव्हतं."

"मग तुम्हाला पटेलच," ते म्हणाले. "वळण लहानपणीच लागतं."

माझा संताप अजून उतरलेला नाही. वेलांटी उद्याही सुधारता आली असती. पण आपली आई वर्गात हसण्याजोगी आहे, हे त्या पोरीला आज शिकवलं गेलं. ते कोण पुसणार?

घरी येऊन पत्र लिहिलं :

"बाई, मुख्याध्यापकांशी भांडून शनिवारचा एक तास मिळवला आहे. मुलांना मैदानावर नेणार आहे. तुम्ही याच. वीटभट्टी शाळेपासून लांब नाही. हाक पोहोचेल."