दोन बाटल्यांचा एक डबा

दीपमाला चार वर्षं परदेशी कंपन्यांच्या औषधांचं काम बघते, आणि तिच्या आईला ते अजून नीट सांगता येत नाही. पाहुण्यांनी विचारलं की प्रभावतीबाई म्हणतात, "फार्मसी शिकली, आन आता लोकांच्या गोळ्या मोजून राह्यली." यात खोटं काही नाही. नवं औषध बाजारात येण्याआधी माणसांवर तपासतात. त्या तपासणीचं जालन्यातलं केंद्र म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरची एक खोली, एक कुलूपबंद कपाट आणि दीपमाला. सुरुवातीला तिच्या मावशीनं विचारलं होतं, "जालन्यातले उंदरं सरले का गं?"

दीपमालाला एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि ती म्हणजे समजावून सांगणं. गुडघेदुखीच्या गोळीचा अभ्यास सुरू झाला तेव्हा घनसावंगीचे साहेबराव आणि अलीमचाचा एकाच जीपमधून आले. बांधाला बांध लागलेले हे दोघे गुडघेही जोडीनंच धरून जिना चढले. तिनं दोघांना तासभर समजावलं. निम्म्या लोकांना खरं औषध मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. मग नियमाप्रमाणे तिनं ते दोघांकडून वदवून घेतलं. साहेबरावांनी असं घडाघडा सांगितलं की डॉक्टरसुद्धा बघत राहिले.

दर महिन्याला बाटल्या परत आणून उरलेल्या गोळ्या मोजून द्यायच्या असत. पाच महिने दोघांच्या गोळ्या बरोबर निघाल्या. पुण्याहून कंपनीचे तपासनीस यायचे होते. त्यांचा शेरा चांगला आला तर हृदयरोगाचा मोठा अभ्यास जालन्याला मिळणार होता. त्यांना दाखवायला ही जोडी दीपमालानं आधीच हेरून ठेवली होती.

तपासनीस येणार त्याच्या आदल्या दिवशी दोघे आले, आणि अलीमचाचांनी टेबलावर स्टीलचा डबा ठेवला.

"बाटल्या कुठंयत चाचा?"

"रिकाम्या हायत की पिशवीत. गोळ्या ह्याच्यात. दोघांच्या."

दीपमालाचा हात रजिस्टरवरच राहिला. "दोघांच्या म्हणजे?"

"पयल्या दिवसापासून," साहेबराव शांतपणे म्हणाले. "जीपमधीच एक केल्या. इथं यायच्या आधी निम्म्या-निम्म्या बाटल्यात भरतो. आज जीपवाल्यानं जल्दी केली."

"पण का?"

"तुमीच समजावलं न्हाई का ताई, एकाला औषध, एकाला साधी. मंग एकानंच बरं व्हावं, हे बराबर हाय का?"

दीपमाला खुर्चीत बसली. तिचंच वाक्य, इतकं नीट समजून घेतलेलं. पाच महिन्यांचे आकडे, तक्ते, तिच्या सह्या, सगळं डब्यातल्या गोळ्यांसारखं एक झालं होतं.

तिचा चेहरा पाहून अलीमचाचा घाबरले. "बेटी, आत्ता भरून देतो बाटल्या. गिनती बिलकुल बराबर करून देतो. कोन्ला कळत न्हाई."

खरंच कुणाला कळलं नसतं. दीपमालानं डब्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. मग तिनं पेन उचललं आणि पाच महिन्यांची हकिकत तारखेनिशी लिहून काढली. मधेच एक ओळ चुकली, ती नियमाप्रमाणे खोडून, बाजूला सही करून पुन्हा लिहावी लागली.

दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी ते पान दोनदा वाचलं. त्यांनी चहाही घेतला नाही. "वीस वर्षांत असं वाचलं नाही," एवढंच म्हणाले. हृदयरोगाचा अभ्यास तूर्त थांबला, आणि दोघांना या अभ्यासातून काढायचं ठरलं.

ते सांगायला दीपमालानं साहेबरावांना फोन लावला. शब्द आधीच जुळवून ठेवले होते.

"काका, तुमच्या गोळ्या बंद कराव्या लागतायत."

साहेबरावांनी एकच गोष्ट विचारली.

"माझ्याच का अलीमच्याबी?"

"दोघांच्याही."

"मंग काही हरकत न्हाई," साहेबराव म्हणाले.