दोन हातांनी काढलेला मेंदू

अंधेरीच्या कॉलेजात आम्हाला प्राणिशास्त्र शिकवणारे सर दोन्ही हातांत खडू घेऊन फळ्यावर माशाचा मेंदू काढत. मधल्या रेघेपासून डावा हात डावीकडे, उजवा उजवीकडे, एकाच वेळी. मी बघतच राहायचे आणि माझी वही कोरी राहायची.

प्रयोगशाळेत त्यांची एक काचेची बरणी होती. आरे कॉलनीतल्या तळ्यातून आणलेल्या माशाच्या मेंदूला त्यांनी सुईने इजा केली होती. बिचारा त्या बरणीत गोल गोल फिरायचा. काही आठवड्यांनी सरळ पोहू लागला, तेव्हा सरांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला.

त्याच वर्षी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. परतले ते काठी टेकत, उजवा हात लुळा. प्राचार्यांनी बजावलं होतं, एक तास घेऊन दाखवा, नाहीतर घरी बसा. त्या तासाला प्राचार्य स्वतः शेरा लिहायला कागद-पेन घेऊन मागच्या बाकावर बसले. मला त्यांचा असा संताप आला होता, की विचारू नका.

सरांनी मुद्दाम माशाच्या मेंदूचाच विषय घेतला. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"माशाच्या मेंदूला इजा झाली, की नव्या पेशी तयार होतात आणि जखम भरते. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत आजूबाजूच्या आधारपेशी धावून येतात, पण त्या व्रणाची भिंत घालतात. त्यामुळे जखम पसरत नाही, पण तुटलेले तंतू पलीकडे जाऊ शकत नाहीत. माझ्या डोक्यात आता तीच भिंत आहे."

मग त्यांनी डाव्या हाताने मेंदूची डावी बाजू काढली आणि थांबले. मला राहवेना. उठून म्हटलं, "सर, उरलेलं मी काढू?"

"बस गं खाली. तुला बेडूक धड काढता येत नाही."

वर्ग हसला. सर काठी टेकत आकृतीच्या दुसऱ्या बाजूला गेले, काठी भिंतीला लावून ठेवली आणि त्याच डाव्या हाताने उजवी बाजू काढू लागले. खडू दोनदा तुटला. बाजू वाकडी झाली, पण एकही भाग सुटला नाही. मला रडू फुटलं.

मागे वळून पाहिलं, तर प्राचार्य शेऱ्याच्या कागदावर आकृती उतरवत होते.

"साहेब, उजवी बाजू पुस्तकातली घ्या," सर म्हणाले. "माझी वाकडी आलीये."

"असू दे," प्राचार्य मान वर न करता म्हणाले. "उद्या कितीला आहे तुमचा तास?"