अठ्ठावीसचा भाव

माझ्या मामाचं शेत सव्वादोन एकरांचं. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला डांबरी रस्ता, मध्ये विहीर, आणि विहिरीच्या जवळच घर. घराची मागची खोली आणि गोठा यांच्यात एकच भिंत. थंडीत कोबी, वाटाणा आणि कांद्याची रोपं, ऊन वाढलं की टोमॅटो आणि काकडी, पावसात भेंडी आणि दोन गाईंचा चारा. एवढ्या जमिनीत दोन माणसांचं पोट भरतं आणि दोन माणसांचा सगळा दिवस जातो.

मामा लहानपणापासून अडखळत बोलायचा. क, त, प असली अक्षरं सुरुवातीला आली की शब्द ओठांशी येऊन अडून बसायचा. शाळेत मास्तर त्याला धडा वाचायला मुद्दाम उभं करायचे आणि वर्ग पोट धरून हसायचा. चौथीत असताना त्याने बोलणंच कमी करून टाकलं. भावंडं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, आणि शेत पाहायला तोच मागे राहिला. त्याला ते मानवलंही. रोपांना उत्तरं द्यावी लागत नाहीत.

मामीचं सगळं उलट. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्याने चहा पिऊन घ्यावा. लग्न झालं तेव्हाच दोघांची न बोलता वाटणी झाली. तो पिकवणार, ती विकणार. आठवड्याचे दोन बाजार तिने बत्तीस वर्षं एकटीने केले, आणि घरी आली की मामाची वाक्यंही तीच पुरी करायची. त्याने "उद्या पा..." म्हटलं की "पाणी सोडायचंय ना, सोडा की" म्हणून ती मोकळी. तिच्या लेखी ही मदत होती. मामाने त्याची कधी तक्रार केली नाही. केली असती तर तीही तिनेच पुरी केली असती.

मग एका सकाळी मामी माळ्यावरचे रिकामे क्रेट काढायला शिडीवर चढली आणि क्रेटसकट खाली आली. डाव्या पायाचं हाड घोट्याच्या वर दोन ठिकाणी मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बजावलं, अडीच महिने पाय जमिनीला लावायचा नाही. टोमॅटो नुकतेच रंगावर येत होते. त्यांना अडीच महिने थांबा म्हणून कोण सांगणार?

त्यांची लेक शहरात एका शाळेच्या ऑफिसात कामाला. ती आठ दिवसांची रजा काढून आली, बापाला भात न करपवता शिजवायला शिकवलं, आईची खाट मागच्या खोलीत हलवली, कारण तिथून न्हाणीघर दोन पावलांवर. माल जागेवरच व्यापाऱ्याला देऊन टाका, असंही तिने सुचवलं. व्यापारी आला, दोन टोमॅटो दाबून पाहिले आणि असा भाव सांगितला की मामीने पडल्या जागेवरून त्याला रस्ता दाखवला. तो गेल्यावर बाजाराला कोण जाणार हा प्रश्न तसाच राहिला.

"मी जातो," मामा म्हणाला.

मामीला काय बोलावं ते सुचलं नाही. लेक सांगते, आईला असं पाहायची तिची ती पहिलीच वेळ.

बाजार म्हणजे पत्र्याखाली सिमेंटचे ओटे. मामीची जागा एका लिंबूवाल्या बाईच्या शेजारी. मामाने टोमॅटो आकारानुसार रचले, पिकलेले पुढे, करकरीत मागे. अशी मांडणी त्या ओट्याने कधी पाहिली नव्हती. मग पहिली बाई आली आणि तिने भाव विचारला. त्या दिवशी भाव तीसचा होता. मामाने तोंड उघडलं. त वर जीभ अडकली ती सुटेना. बाई थोडी थांबली, मग पलीकडच्या ओट्याकडे बघायला लागली. ती पाऊल उचलणार तेवढ्यात मामा म्हणाला, "वीस."

नऊ वाजायच्या आत क्रेट रिकामे झाले. मामा खुशीत घरी आला. मामीने पैसे मोजले, पुन्हा मोजले, आणि इतके कमी कसे ते विचारलं. वीसने दिले, तो म्हणाला.

"अहो, भाव तीसचा होता. लिंबूवालीने फोन करून सांगितलं मला."

मामा रिकामे क्रेट एकात एक घालायला लागला. मग म्हणाला, "त... तीस येत नाही. वीस येतं."

मामीने पैसे डब्यात टाकले. मग दोघं आकडे शोधायला बसली. पंचवीस नको, प आहे. तेवीस नको, सत्तावीस अधूनमधून दगा देत होतं. अठ्ठावीस मात्र त्याने एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, दहा वेळा म्हटलं, उतारावरून गाडी सुटल्यासारखं सुटत होतं. अ, आ, ए, ऐ ने सुरू होणारे आकडे त्याला यायचे. तेव्हापासून मालाचे भाव बाराखडीवर ठरायला लागले. टोमॅटो अठ्ठावीस, काकडी अठरा.

गिऱ्हाइकांना आधी गंमत वाटली. ना धड तीस, ना पंचवीस. "पंचवीसला द्या" म्हणून कोणी घासाघीस सुरू केली की मामा नुसती मान हलवायचा. जो उत्तरच देत नाही त्याच्याशी घासाघीस करणार तरी किती? मामीच्या तीसचे बोलता बोलता सव्वीस होऊन जायचे. मामाचे अठ्ठावीस बाजार उठेपर्यंत अठ्ठावीसच राहायचे. महिन्याभराने ही गोष्ट मामीच्याही लक्षात आली. तिने ती मान्य केली, पण लगेच नाही. बाजारात त्याचं नाव 'अठ्ठावीसवाले मामा' पडलं.

सगळेच दिवस असे नव्हते. एकदा स्कूटरवरून घाईत आलेल्या एका माणसाने काकडीचा भाव विचारला आणि मामाची जीभ नेमकी तेव्हाच अडली. त्या माणसाने मामासारखंच अडखळत त्याची नक्कल केली आणि आजूबाजूला बघून हसला. लिंबूवाली पदर खोचून उठतच होती. मामाने तराजू खाली ठेवला, त्या माणसाच्या पिशवीतले आधी मोजून दिलेले टोमॅटो एकेक करून काढले आणि पुन्हा ढिगावर रचले. त्याचे पैसे त्याच्या हातात ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. घरी येऊन यातलं अक्षरही बोलला नाही.

मामीला हे कळलं ते दुसऱ्या दिवशी पहाटे, भिंतीतून.

मागच्या खोलीला गोठ्याच्या बाजूने एक छोटी खिडकी आहे. उजाडताना मामीला जाग आली तेव्हा गोठ्यात कोणी पुरुष बोलत होता. तिला वाटलं, शेजारचा कोणी आला असेल. बोलणं कसं, तर ओढ्याच्या पाण्यासारखं, मध्ये कुठे थांबणं नाही. ऐकता ऐकता तिला आवाज ओळखू आला. मामा काळीची, म्हणजे थोरल्या गाईची, धार काढत होता आणि काळीला कालचा बाजार सांगत होता. तो स्कूटरवाला, त्याचं हसणं, लिंबूवालीने पाणी कसं दिलं, पुढच्या बाजाराला जाऊच नये असं कसं वाटलं, सगळं. बत्तीस वर्षांत मामीने त्याचं इतकं बोलणं ऐकलं नव्हतं.

"घरी सांगणार होतो," तो गाईला म्हणाला. "पण मी सुरू केलं की ती संपवते. ती संपवते ते चांगलंच असतं, पण ते माझं नसतं."

मामी मला म्हणाली, पाय मोडला तेव्हासुद्धा मी रडले नव्हते.

तिने त्याला काही सांगितलं नाही. पुढचे आठेक दिवस ती रोज पहाटे जागी राहून ऐकत होती. काळीला काय काय माहीत होतं! वाटाण्याला यंदा शेंगा का कमी लागल्या, ओढ्याकडची जमीन एक वर्ष पडीक ठेवावी असं त्याला वाटतं, लेकीची आठवण आली की तो कुठे जाऊन बसतो. मग मामीला कोणाचं पत्र चोरून वाचल्यासारखं वाटायला लागलं. मागे फार उकडतं असं निमित्त काढून तिने खाट पुढच्या खोलीत हलवून घेतली.

जेवताना एकदा मामा म्हणाला, "या वर्षी का... का..."

मामीला पुढचं ठाऊक होतं. काकडीचा वेल काढायला झाला होता. वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने खाटेची कड घट्ट धरली आणि गप्प बसली. मामाने दचकून तिच्याकडे पाहिलं, काही बिनसलं की काय म्हणून. किती वेळ गेला कोण जाणे, वरणाची वाफ विरली.

"काकडीच्या जागी घेवडा लावायचा."

मामी हादरली. घेवडा तिच्या वाक्यात कुठे नव्हताच. मग तिच्या मनात आलं, एवढ्या वर्षांत मी पुरी केलेली वाक्यं किती चुकली असतील? आणि हा माणूस 'हो' म्हणून मी म्हटलं ते करत राहिला असेल? तिने त्याला तसं विचारलंच. तो घास गिळून म्हणाला, "अर्धी."

"अर्धी चुकली?"

"अर्धी बरोबर," तो म्हणाला, आणि हसला.

घेवडा लावला. त्याच्यावर माव्याची कीड पडली आणि निम्मं पीक गेलं. "मला विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते," मामी अजून ऐकवते, "पण विचारलंच नाही ना मला, सांगितलं." यात तक्रार किती आणि कौतुक किती, ते मला आजवर नीट कळलेलं नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा पाऊस लागलेला होता आणि भेंडी तोडणीला आली होती. डावा पाय किंचित आखूड राहिला. मामी हौसेने बाजारात गेली, तर येणारा जाणारा विचारायला लागला, मामा कुठे आहेत, बरे आहेत ना? दुपारपर्यंत तिचं डोकं फिरलं. ओट्यावर मांडी घालून बसणंही पायाला झेपेना. शेवटी ठरलं, एक बाजार त्याचा, एक तिचा, तिच्यासाठी स्टूल. त्याच्या बाजाराच्या दिवशी धार मामी काढणार. तिने काळीला पहिल्याच दिवशी गावभरच्या बातम्या सांगितल्या. काळीने शेपटी तिच्या तोंडावर मारली आणि बादली लाथाडली. महिनाभर दर बाजाराला अशी बादली लाथाडल्यावर मग तिने मामीला सोसून घेतलं.

मामाचं अडखळणं गेलेलं नाही. काही दिवस अ सुद्धा येत नाही, तेव्हा तो पाटीवर भाव लिहून ठेवतो. ओढ्याकडची जमीन एक वर्ष पडीक ठेवली, तिथे आता कोबी चांगला येतो. लेक दर वर्षी म्हणते, शहरात या, आता पुरे झालं. ही दोघं म्हणतात, कांदा निघू दे. मग वाटाणा, मग टोमॅटो, आणि तोवर कांद्याची रोपं टाकायची वेळ येते.

मागच्या थंडीत मी तिथे गेले त्या दिवशी बाजार मामाचा होता, आणि धाकटी गाय नेमकी सकाळीच व्यायला लागली. वासराचा एक पाय मागे दुमडलेला होता. मामीने बाह्या वर केल्या, मला गाईचं डोकं धरायला लावलं, आणि आत हात घालून तो पाय सरळ केला. अर्ध्या तासात वासरू बाहेर आलं. मी गाईचं डोकं सोडायलाच विसरले होते, ती वासरू पुसत होती. दुपारी मामा परतला तोवर वासरू आईला लुचत होतं, आणि या गडबडीत चारा कापायचा राहून गेला होता. मामाने वासराच्या पाठीवरून हात फिरवला, क्रेट भिंतीला लावून ठेवले आणि विळा घेऊन ओढ्याकडे गेला.